पंढरपुराहून मंगळवेढा गाठाच
पंढरपुरात विठ्ठलाचं दर्शन सकाळी आटोपलं तर उरलेल्या दिवसाचं काय करायचं, असं एकानं विचारलंय. बऱ्याच जणांनी अक्कलकोट, तुळजापूर सुचवलंय, पण ते म्हणजे एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत उभं राहणं! मी म्हणेन, मंगळवेढा. पंचवीसेक किलोमीटर. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली करणारे दामाजीपंत इथलेच आणि संत कान्होपात्राही. संत चोखोबा इथेच वेशीची भिंत कोसळून तिच्याखाली गेले, १३३८ साली. आयुष्यभर देवळाबाहेर ठेवलेल्या माणसाची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीपाशी आहे. ती पाहून मग इकडे आलात तर गाव वेगळंच दिसतं.

ज्वारी घ्यायला विसरू नका. इथल्या काळ्या रानातल्या मालदांडी जातीच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. हुरड्यासाठी थंडीत या. आषाढीच्या गर्दीत मात्र हा बेत आखू नका.

तिथून सोलापूर रस्त्याला माचणूर. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, खाली घाट, शेजारी मुघलांच्या वेळचा किल्ला. जवळच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाचा तळ १६९५पासून काही वर्षं होता. किल्ल्यात पडझड फार आहे, पण घाटावर संध्याकाळी तासभर बसलात तरी येणं वसूल.

वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळही सुंदर आहे, फक्त ते उलट्या दिशेला, अकलूजकडे. पुण्याला परतणार असाल तर वाटेत करा.