मदत हवी आहे: स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत फ्लॅट घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आई-बाबांसाठी छत्रपती संभाजीनगरला स्टेशन रोडच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट बघतोय. निजामाच्या काळात, 1900 साली सुरू झालेलं हे स्टेशन नूतनीकरणाच्या अमृत भारत योजनेत आलं आणि आसपासच्या जुन्या बंगल्यांच्या जागी इमारतींचे बोर्ड लागले. भाव तर विचारूच नका! ब्रोशरमध्ये आवारातल्या कडुलिंबांचे चक्क ताड झालेत.

प्लॉटची मागची भिंत थेट रेल्वेच्या हद्दीला लागून आहे. हद्दीपासून 30 मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते. ती मागितली तर सेल्समन म्हणतो, "सर, महापालिकेची परवानगी आहे ना, मग झालं." मला काही हे पटत नाही.

दुसरं म्हणजे, साध्या पावतीवर 20 टक्के भरा म्हणतात. रेरा कायद्यात (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी नंबर आहे, पण तेवढ्यावर विसंबावं का?

जागा जुनी आहे. मालमत्ता पत्रकावर तीन वारसांची नावं आणि बिल्डरसोबतच्या विकसन करारावर सह्या दोघांच्याच. तिसऱ्याचं 'हक्कसोड होईल' म्हणे, म्हणजे तो आपला हिस्सा लिहून सोडेल. वकील गाठणारच आहे, पण त्याआधी त्या भागात व्यवहार केलेल्यांनी सांगा: एनओसी खरी आहे का हे रेल्वेच्या कोणत्या कार्यालयात कळेल? जागेच्या मालकीचा शोध अहवाल किती वर्षं मागचा काढलात? आणि रात्री मालगाड्यांच्या आवाजात म्हाताऱ्या माणसांना झोप लागते का हो?