सल्ला हवा: नवेगाव-नागझिऱ्याच्या आजूबाजूला ग्रॅव्हल सायकलने चार-पाच दिवस

चाकावरची:
नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण, दोघी पुण्याच्या. डिसेंबरात सायकली घेऊन भंडारा-गोंदियाकडे यायचा बेत आहे. नकाशा उघडला की तिकडे निळे ठिपकेच ठिपके, मधे जंगल, कडेला डोंगर. बघून राहवलं नाही. दोघींच्या ग्रॅव्हल सायकली आहेत, म्हणजे कच्च्या वाटांवरही चालणाऱ्या, टायर 40 मिमीचे. दिवसाला साठ-सत्तर किमी आरामात होतात. नागझिऱ्यातून आरपार जाता येतं का? मुक्काम कुठे करावा? आणि वाघ-अस्वलांचं खरं काय ते इथे सांगा, घरी सांगायचं आम्ही वेगळं तयार करू.

झाडीतला:
या जी, या. पण आरपारचं आधी डोक्यातून काढा. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी, उमरझरी, कोणत्याही गेटातून आत जायचं तर सफारीच्या गाडीतून. सायकल नाही, पायी नाही. गेटावर जाऊन हुज्जत घालणारे दरवर्षी दिसतात, तुम्ही त्यातल्या होऊ नका.

आणि खरं सांगू का, सायकलवाल्याचं सुख गेटाच्या आत नाहीच. ते आहे बाहेर, मामा तलावांवर. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, 1950 च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे गेले, पण गावाचं धान अजून त्यांच्याच पाण्यावर उभं राहतं. जवळपास प्रत्येक गावाला एक तलाव नाहीतर दोन-तीन बोड्या, म्हणजे छोटी तळी. एका तलावाच्या पाळीवरून उतरायचं, पांदण रस्त्याने धानाच्या बांध्या ओलांडायच्या, की पुढची पाळ समोर दिसते. वर मुरूम, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं. असा रस्ता तुमच्याकडे पैसे देऊन मिळणार नाही.

एक सांभाळा. जास्तीचं पाणी जिथून ओसंडतं त्या सलंगाजवळ पाळ बरेचदा तुटलेली असते, दगड उघडे पडलेले असतात. लांबून पाळ सलग दिसते म्हणून वेगात जाऊ नका. तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, पलीकडे पुन्हा बसायचं.

चाकावरची:
हे वाचूनच बॅग भरावीशी वाटतेय. मग तळ कुठे टाकू? रोज नवीन गाव की एकाच ठिकाणी राहून फेऱ्या?

नहरवाला:
एकाच ठिकाणी, तेही नवेगावबांधला. सामान घेऊन रोज गाव बदलणं इथे जमत नाही. आडगावात लॉज नसतात, शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायची वेळ येते.

नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. तलावाला पूर्ण फेरी मात्र मारता येत नाही, मागचा काठ जंगलात आहे. गावाकडच्या बाजूने जेवढं दिसतं तेवढ्यावर समाधान माना.

तिथून माझी आवडती वाट दक्षिणेला. अर्जुनी मोरगाव गाठा, मग गोठणगावकडे इटियाडोह धरण. गाढवी नदीवरचं हे धरण, त्याचा नहर म्हणजे कालवा खाली वडसा-आरमोरीकडे जातो. नहराच्या कडेचा रस्ता म्हणजे ग्रॅव्हलवाल्यांसाठीच केल्यासारखा: सपाट, मुरमाचा, गाडी क्वचित. परतताना प्रतापगड करा. डोंगरावर महादेव आणि दर्गा दोन्ही आहेत, पायथ्याला सायकल लावून वर पायी जायचं. जवळच 1972 पासूनची तिबेटी वसाहत आहे, नोर्गेलिंग. धानाच्या शेतांमधे फडफडणाऱ्या पताका अचानक समोर येतात तेव्हा चाक आपोआप थांबतं.

घाटवेडा:
सगळे सपाटच सांगून राहिले. चढ पाहिजे असेल तर सालेकसा-दरेकसाकडे जा. कचारगडच्या गुहा, हाजरा धबधबा, साग-बांबूचं जंगल, आणि पायाला काम देणारे डोंगर. मात्र हा सीमेचा, संवेदनशील भाग. पोलीस चौकीत नाव-गाव सांगून पुढे जा, उजेडातच परत या. माघ पौर्णिमेला कचारगडला गोंड समाजाची मोठी जत्रा भरते, तेव्हा सायकल चालवायला जागा नसते. तुम्ही डिसेंबरात येताय, ती अडचण नाही.

झाडीतला:
घाटवेडा भाऊ, पहिल्यांदा येणाऱ्यांना एकदम दरेकसा काहून दाखवता? चढच पाहिजे तर सह्याद्री त्यांच्या दारात आहे. आमच्याकडे यायचं ते पाण्यासाठी.

ट्यूबलेस:
वाटा झाल्या, आता काट्यांचं बोला. इथे बांधीचं कुंपण म्हणजे बाभळीच्या-बोरीच्या छाटलेल्या फांद्या. धुऱ्याकडेला रचलेल्या असतात, बैलगाडी गेली की त्यातल्या काड्या वाटेवर येतात. बाभळीचा काटा पांढरा, सरळ, चांगला बोटभर लांब. मातीत आडवा पडलेला असतो, चाकाने टोक वर झालं की थेट आत. ट्यूब असेल तर दिवसातून दोनदा बसून पंक्चर काढाल. टायर ट्यूबलेस करूनच या, निघायच्या आदल्या आठवड्यात सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) ताजं भरा. काटा दिसला म्हणून लगेच उपटू नका, चाक फिरवून तो भाग खाली आणा, मग काढा म्हणजे सीलंट भोकाशी येतं. भोक बुजवायचे प्लग आणि एक जादा ट्यूब प्रत्येकीकडे हवी. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलचा पंप असतो, तुमचा बारीक व्हॉल्व्ह त्याला बसत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर जवळ ठेवा. छोटीशी वस्तू.

हवा कमी ठेवा. 40 मिमीला पस्तीस पीएसआयच्या आसपास, वजनानुसार थोडं खालीवर. आणि कापणीनंतर वाटेवर धानाची तणस म्हणजे पेंढा पसरलेली असते, ती मागच्या गिअरमधे गुंडाळते. तणस दिसली की पॅडल थांबवून पार व्हा.

चाकावरची:
चिखल असतो का? आणि वाघ-अस्वलांवर सगळे गप्प आहेत, हे लक्षात आलंय माझ्या.

झाडीतला:
डिसेंबरात मुरमाड वाटा कोरड्या असतात. फक्त कन्हार जमिनीतून जाणारी पांदण आणि त्यात अवकाळी पाऊस, हा योग टाळा. कन्हारची काळी माती टायर आणि फ्रेमच्या मधे अशी बसते की चाक फिरत नाही, काडीने खरवडत बसावं लागतं. अवकाळी झालाच तर दोन दिवस डांबरी धरा.

आता जनावरं. वाघ-बिबट गेटाबाहेरही असतात, त्यांना गेट माहीत नसतं. म्हणून ऊन वर आल्यावर निघायचं आणि अंधाराआधी मुक्कामी. इथे पुण्यापेक्षा दिवस बराच आधी मावळतो, डिसेंबरात साडेपाचच्या आसपास. पुण्याच्या अंदाजाने शेवटचे पंधरा किमी बाकी ठेवाल तर जंगलाच्या कडेला अंधार पडेल. अस्वलाचा खरा धोका मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलला पहाटे. माणूसही फुलं वेचायला तिथेच आणि अस्वलही. तुमच्या वेळी तेवढा नाही. तरी गुराखी म्हणाला ‘तिकडे नका जाऊ’, तर कारण विचारत बसू नका. वळा.

नहरवाला:
घरी सांगायची आवृत्ती: तिथे खूप छान पक्षी आहेत. खोटंही नाही, गोंदियात सारस दिसतो.

रानभाजी:
दोघी बायका म्हणून माझं थोडं. मी याच भागातली. गावात थांबलात की आधी आठ-दहा पोरं सायकलीभोवती जमतील, मग एखादी काकू विचारेल ‘कोणाच्या घरी आल्या?’ हा संशय नसतो, चौकशी असते. नीट उत्तर दिलं की चहा येतोच. मला इथे भीती वाटली नाही, अडचण आली ती स्वच्छतागृहांची. सकाळी मुक्कामावरून आटपून निघा, दुपारी तालुक्याच्या गावात बसस्टँड किंवा पेट्रोल पंप गाठा.

जेवणाचं: आडवाटेवर हॉटेल शोधू नका, टपरीवर पोहे-आलुबोंडा मिळतो. तलावाकाठी ढिवर (मासेमार) लोक शिंगाडे विकायला बसतात. उकडलेले घ्या, खिशात भरा, ते तुमच्या एनर्जी बारपेक्षा बरे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा आणि रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, नाटक असतं, डिसेंबरातही चालू असतं. मुक्कामाच्या गावात असेल तर तिकीट काढाच. पहाटेपर्यंत चालतं, दुसऱ्या दिवशीची राइड मग छोटी ठेवा.

चाकावरची:
नाटक नक्की! आता यायचं कसं? सायकली बसवर टाकायच्या नाहीत.

नहरवाला:
महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याहून थेट गोंदियाला येते. वेळखाऊ आहे, पण गाडी बदलायची कटकट नाही. सायकली ब्रेकव्हॅनला, म्हणजे सामानाच्या डब्यात, बुक करा, पुढचं चाक काढून बांधा, मागच्या गिअरच्या डिरेलरभोवती पुठ्ठा लावा. गोंदियाहून बल्लारशाच्या लाइनवरची पॅसेंजर धरून सौंदड किंवा अर्जुनीला उतरा. परत जाताना एक दिवस जादा असेल तर तिरोड्याकडून बोदलकसा-चोरखमाऱ्याचे तलाव करा. बोदलकशाला एमटीडीसीचं राहायचं ठिकाण आहे, खोली आधी बुक करूनच निघा.

घाटवेडा:
आणि ऑफलाइन नकाशा. जंगलाकडेला रेंज जाते ती थेट पुढच्या गावात येते.

चाकावरची:
ठरलं. नवेगावला तळ, इटियाडोह आणि प्रतापगड एका दिवशी, दोन दिवस नुसते मामा तलाव, शेवटी बोदलकसा. दरेकसा पुढच्या वेळी, घाटवेडा रागावू नका.

फॅटबाईक_भंडारा:
मी पण येऊ का एखाद्या दिवशी? चार इंची टायर आहेत, काट्याची चिंता नाही.

ट्यूबलेस:
या की. काट्याची चिंता नसेल, पण नहरावर या दोघींच्या मागे धापा टाकाल.