मदत हवी आहे: गाडीचा हीटर गार हवा फेकतोय, इंजिनच्या तापमानाचा काटाही वर चढत नाही

नमस्कार मंडळी, जाणकारांचं मार्गदर्शन हवं आहे.

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. एसी मॅन्युअल, म्हणजे निळ्याकडून लालकडे फिरणारा साधा नॉब. तो पूर्ण लालवर नेला तरी हवा गारच येते. ब्लोअर सगळ्या स्पीडवर नीट चालतो, एसीही उत्तम आहे.

पुण्यात हीटर लागतो कशाला, असं कुणाला वाटेल म्हणून सांगते. आईला संधिवात आहे आणि तिच्या फिजिओथेरपीची वेळ सकाळी सातची. आम्ही पाषाणला राहतो. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा शाल पांघरूनही गाडीतून उतरताना तिचे गुडघे आखडलेले असतात. शिवाय जानेवारीत महाबळेश्वरला जायचंय. पहाटे पसरणी घाटात समोरची काच आतून धुरकट झाली आणि गरम हवा नसली, तर मला खरंच काळजी वाटते.

आत्तापर्यंत लक्षात आलेलं: गाडी थंड असताना कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे. पुढच्या सीटखालचं कार्पेट कोरडं आहे, गोडसर वास नाही, काचेवर चिकट थर नाही, म्हणजे आत कूलंट गळत नसावं. चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलं की काटा जरा वर येतो आणि हवा किंचित कोमट होते, पण एक्सप्रेसवेवर गाडी सलग पळाली की काटा खाली, सीच्या (कोल्डच्या) जवळ जाऊन बसतो. मायलेजही पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

मे महिन्यात कात्रज घाटात गाडी तापली होती. तेव्हा गॅरेजमध्ये होज पाइप बदलले, रेडिएटर साफ करून घेतला, त्यानंतर तापलेली नाही. हीटर मात्र त्यानंतर पहिल्यांदा या थंडीतच लावला.

एका ठिकाणी सांगितलं, एसीचा गॅस भरा. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, हीटर कॉइल चोकअप आहे, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल. एकदा उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही, नंतर खडखडतो, असं ऐकून आहे. खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

प्रतिसाद

ताई, गॅस भरू नका. एसीच्या गॅसचा आणि तुमच्या हीटरचा काही संबंध नाही. इंजिनमधून आलेलं गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्यालाच हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, बस्स.

कॉइलचा निकालही आधी हाताने लावता येतो. इंजिन वीसेक मिनिटं चालवा, मग बंद करा. बोनेट उघडलं की इंजिनमागच्या पत्र्यातून आत जाणारे अंगठ्याएवढे दोन रबरी पाइप दिसतील. फॅनपासून हात लांब ठेवून, फडक्याने हलकेच चाचपा. दोन्ही सारखेच कडक गरम असतील तर पाणी नीट फिरतंय, आतला फ्लॅप किंवा नॉबची केबल अडकलीय. एक चटका देणारा आणि दुसरा गार असेल तर कॉइल चोक आहे किंवा तिचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट किंवा गार असतील तर दोष कॉइलच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला: कूलंट कमी, एअर लॉक (पाइपात अडकलेली हवा), वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह).

आणि गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप कुणीही उघडू नये. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

धागाकर्ती

तपासलं. दोन्ही पाइप कोमट. आणखी एक गोष्ट दिसली. सकाळी गार गाडी सुरू केली तर रेडिएटरचा वरचा जाड पाइप लगेच हळूहळू कोमट व्हायला लागतो. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद

नाही, बरोबर नाही. तो पाइप सुरुवातीची काही मिनिटं गार राहून मग एकदम तापायला हवा. तुमचा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा मे महिन्यात काढूनच टाकलाय. तापलेली गाडी आली की थर्मोस्टॅट काढायचा, 'आपल्याकडे लागत नाही' म्हणायचं, ही आपल्याकडच्या अनेक गॅरेजांची जुनी सवय, आणि ती फार नुकसान करते. थर्मोस्टॅट नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, आणि हायवेवर समोरून वारा लागला की इंजिन तापतच नाही. गार इंजिन समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो, तुमचं मायलेज तिथे गेलं. ऑइलमधला ओलावाही जळून जात नाही.

थर्मोस्टॅट बसतो ते हाउसिंग उघडायला सांगा आणि स्वतः समोर उभ्या राहा. नवा थर्मोस्टॅट नाना पेठेत मिळेल. त्यावर ८२ किंवा ८८ असा अंश सेल्सिअसचा आकडा कोरलेला असतो, तुमच्या मॉडेलला जो लागतो तोच घ्या. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने सोडून तापवून बघा, त्या आकड्याच्या आसपास तो उघडताना डोळ्यांना दिसतो. गॅस्केट नवं. कूलंट नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात मिसळू देऊ नका, क्षार बसून हीच कॉइल खरोखर चोक होईल. भरल्यावर हीटर लालवर ठेवून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढायला लावा.

धागाकर्ती

हाउसिंग माझ्यासमोर उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच, नुसती रिकामी जागा आणि कडेने पांढरे क्षार. नवा बसवला, हवा काढली. आता काटा मध्याच्या जरा खाली स्थिर राहतो आणि हवा छान गरम येते. आईला काल पायांवर शाल घ्यावी लागली नाही. दोघांचेही मनापासून आभार.

पण एक प्रश्न उरलाय. मे महिन्यात गाडी तापली कशाने, हे कुणीच शोधलं नव्हतं. म्हणून पार्किंगमध्ये एसी बंद ठेवून इंजिन चालू ठेवलं, तर काटा मध्याच्या वर गेला तरी रेडिएटरचा फॅन लागला नाही. एसी लावल्याबरोबर लागला. कात्रजला चढ म्हणून आम्ही एसी बंद केला होता.

प्रतिसाद

मग कारण तेच. एसीवर फिरतोय म्हणजे फॅनची मोटर चांगली आहे. कूलंटचा टेंपरेचर सेन्सर किंवा फॅन स्विच, त्याचं कनेक्टर आणि रिले, या क्रमाने ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. रेडिएटरच्या कॅपचं रबर कडक झालं असेल तर तीही बदला. तोवर शहरात काटा वर जाताना दिसला तर एसी लावा, फॅन चालू राहील. पण फॅनचं काम झाल्याशिवाय पसरणी चढू नका.