फुशियाच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतायत, मदत हवी आहे

मंडळी, जरा घाईनेच विचारतेय. माझ्याकडे हँगिंग बास्केटमध्ये डबल (दाट, जास्त पाकळ्यांच्या फुलांचं) फुशिया आहे, बाहेरच्या पाकळ्या लाल आणि आतला घेर जांभळा, अगदी झुमके टांगल्यासारखा दिसायचा. महिनाभर नुसता बहर होता आणि आता दहा-बारा दिवस झाले, कळ्या चांगल्या टपोऱ्या होतात आणि देठासकट गळतात. सकाळी खाली सडा पडलेला असतो, बघवत नाही.

त्यात दुपारी पानं माना टाकतात. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून दोनदा घालायला लागले, तरी तेच, आणि काल बोट खुपसून पाहिलं तर माती आत चिंब ओली! ओल्या मातीत झाड कसं काय कोमेजतं? ऊन उतरलं की पानं परत ताठ होतात. बास्केट पश्चिमेला आहे, दुपारी ३३-३४ अंश होतात. पानांखाली तांबेऱ्याची (या बुरशीच्या रोगाची) नारिंगी पूड नाही, शेंडे सुजलेले-वाकडे नाहीत, पांढरी माशी थोडी आहे. कुंडी बदलू का? खत देऊ का? प्लीज सांगा, फार जीव आहे या झाडावर.

उत्तर:
ताई, आधी पाणी थांबवा. फुशियाच्या बहुतेक जाती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या थंड, दमट डोंगरातल्या, १५ ते २५ अंश त्यांना मानवतात. उन्हात पानांतून पाणी जितक्या वेगाने उडतं तितकं मुळांना ओढता येत नाही म्हणून माना पडतात, माती ओली असली तरी. वर अजून पाणी घातलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पश्चिमेचं ऊन तोडा, फक्त सकाळचं कोवळं ऊन मिळेल असं टांगा. झाड अलगद बाहेर काढून मुळं बघा, पांढरी घट्ट असली तर तसंच परत ठेवा. खत आत्ता अजिबात नको. फुलं गेल्यावर मागे बोंडं धरतात ती खुडत जा, नाहीतर झाड बी करण्यात ताकद घालवतं. आणि फुलं नसलेल्या कोवळ्या शेंड्यांची ७-८ सेंमीची दोन-तीन कटिंग्ज आजच लावून ठेवा, सावलीत तीन-चार आठवड्यांत मुळं धरतील.

खूप आभार! आत्ताच काढून पाहिलं, वरची मुळं पांढरी आहेत पण तळाची थोडी तपकिरी, मऊ झालीत. तेवढीच कापून नव्या, भुसभुशीत मातीत लावू की सगळीच माती झाडून टाकू?