अमेरिकेत राज्य का बदललंत? खरं कारण सांगा

लोकहो, अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी ग्रुपात एक तरी कुटुंब सध्या सामान बांधतंय असं वाटायला लागलंय. २०२० च्या जनगणनेनंतर लोकसंख्येप्रमाणे टेक्सासला काँग्रेसच्या (इथल्या संसदेच्या) दोन जागा वाढल्या आणि कॅलिफोर्नियाची इतिहासात पहिल्यांदाच एक कमी झाली, म्हणजे हा नुसता आपला भास नाहीये. कारण विचारलं की पुरुष मंडळी टॅक्स म्हणतात, बायका शाळा म्हणतात, आणि पॉलिटिक्सचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम समोसे आणायला जायचं असतं. तर इथे खरं कारण लिहा. लाल-निळ्यावरून मारामारी नको (नवीन लोकांसाठी: इथे लाल म्हणजे रिपब्लिकन, आपला लाल बावटा नव्हे, आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट). मी स्वतः अजून हललेलो नाही, घरात चर्चा चालू आहे.

फ्रिस्कोकर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून टेक्सासला, डॅलसकडे. लोकांना मीही टॅक्सच सांगतो कारण ते पटकन पटतं. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स शून्य हे खरंच आहे, तिकडे आमच्या वरच्या स्लॅबवर ९.३ टक्के जात होते. पण इथे प्रॉपर्टी टॅक्स दोन टक्क्यांच्या आसपास बसतो, सहा लाखांचं घर घेतलं तर वर्षाला बारा हजार डॉलरच्या घरात, आणि दर वर्षी कौंटी घराची किंमत वाढवून पत्र पाठवते मग आख्खी गल्ली १५ मेच्या आत प्रोटेस्ट फाइल करत बसते, शेजारचं घर कितीला गेलं त्याचे कागद जोडून. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रॉप १३ नावाच्या कायद्यामुळे असेसमेंट (टॅक्ससाठी धरलेली घराची किंमत) वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, पण त्याची खरी मजा ज्यांनी जुन्या काळात घरं घेतली त्यांना.

खरं कारण सांगू? खालच्या मजल्यावरची बेडरूम. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. आई-बाबा आले की सहा महिने राहतात, आणि आमच्या टाउनहाऊसमध्ये तळाला गॅरेज, वर किचन, त्याच्याही वर बेडरूम. आई सकाळी एकदा उतरली की रात्रीपर्यंत वर जायची नाही, दुपारी सोफ्यावरच पाय दुमडून पडायची. इथल्या बिल्डरने खाली बेडरूम आणि तिला लागूनच बाथरूम असा प्लॅन दाखवला, बायको म्हणाली सही कर. गारांच्या विम्याचं डिडक्टिबल (नुकसानीतला आधी आपल्या खिशातून जाणारा भाग) घराच्या किमतीच्या टक्क्यांत असतं, त्यावर कोणीतरी वेगळा धागा काढा.

ऑस्टिन सोडलेली

मी उलटी गेले, टेक्सासहून इलिनॉयला. आणि हो, कारण पॉलिटिक्सच, पण टीव्हीवरचं नाही, दवाखान्यातलं. पहिल्या वेळी माझं मिसकॅरेज झालं तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी प्रोसिजर करून मोकळं केलं होतं. मग २०२१ च्या सप्टेंबरात साधारण सहा आठवड्यांनंतर गर्भपात बंद करणारा कायदा आला, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा जुना रो खटल्याचा निकाल उलटवल्यावर तर जवळजवळ पूर्ण बंदी. आईच्या जिवाला धोका असेल तर चालतं असं कायद्यात आहे, मिसकॅरेजनंतरची ट्रीटमेंट गर्भपात धरत नाहीत असंही आहे, पण डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, लाख डॉलरपासून पुढे दंड आणि लायसन्स जाणार अशी टांगती तलवार असली की तो काय करणार, आधी वकिलाला विचारणार.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी सरळच विचारलं, परत तसंच झालं तर? डॉक्टरबाई चांगल्या होत्या हो, पण स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, तेव्हाची परिस्थिती बघून ठरवू. त्याच रात्री नवऱ्याने शिकागोच्या ट्रान्सफरसाठी ईमेल टाकला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, अगं एवढ्यासाठी कोणी बसलेली घडी मोडतं का, मी समजावायच्या भानगडीत पडले नाही. इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला प्रॉपर्टी टॅक्स टेक्सासच्या तोडीस तोड, वर राज्याचा ४.९५ टक्के इन्कम टॅक्स, आणि थंडीबद्दल बोलायलाच नको. पैशांच्या हिशोबात आम्ही निव्वळ तोट्यात आहोत. मुलगी झाली, ठणठणीत आहे, काही म्हणजे काही गुंतागुंत झाली नाही. तरी परत वेळ आली तर हेच करीन.

फ्रिस्कोकर

@ऑस्टिन सोडलेली, आमच्या घरात हा विषय कधी आलाच नव्हता. लेक आता अकरावीत आहे, कॉलेजची यादी करताना तिनेच काढला. मला उत्तर देता आलं नाही.

व्हिसाग्रस्त

तुम्ही लोक राज्य निवडता हे वाचून मजा वाटली. आमचं राज्य वकील निवडतो. एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) मेट्रो एरियाच्या बाहेर काम हललं की कंपनीला अमेंडमेंट (व्हिसाच्या कागदात दुरुस्ती) फाइल करावी लागते, आणि ग्रीन कार्डचं पर्म (कामगार खात्याची मंजुरी) झालेलं असेल तर नव्या जागेसाठी ते बहुतेकदा पहिल्यापासून. प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा) तेवढी वाचते. न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला आलो कारण प्रोजेक्ट तिथे होता, गव्हर्नर कुठल्या पक्षाचा हे आल्यावर कळलं. मत द्यायला मिळेल तेव्हा बघू लाल का निळं.

केरीवासी

आम्ही निळ्याला वैतागून निघालो, स्पष्टच लिहितो. कॅलिफोर्नियात बे एरियातल्या आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने आठवीतला आल्जिब्रा काढून टाकला, का तर सगळ्यांनी नववीत एकत्र करायचा. म्हणजे ज्याला येतंय त्याने वर्षभर थांबायचं. मीटिंगांना जाऊन जाऊन थकलो. नॉर्थ कॅरोलिना निवडताना चॅपल हिलच्या सरकारी युनिव्हर्सिटीचा पण विचार होता, तिथे फर्स्ट इयरला बाहेरच्या राज्यातली मुलं १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेत नाहीत, त्यामुळे राज्यात राहत असाल तर चान्स बराच बरा आणि फीमध्ये तर जमीन-अस्मानाचा फरक. आता इथल्या स्कूल बोर्डात लायब्ररीत कुठली पुस्तकं ठेवायची यावरून लोक तावातावाने भांडतात. निदान गणित शिकवतात.

जर्सीकर आजोबा

एडिसन ते टॅम्पा ते परत एडिसन. जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त, सरासरीच दहा हजारांच्या घरात, म्हणून रिटायर झाल्यावर फ्लोरिडाला गेलो. तिथे २०२२ मध्ये विमा कंपन्या एकामागून एक बुडाल्या, त्यात इयान वादळ, घराच्या विम्याचा हप्ता इतका चढला की टॅक्समध्ये वाचवलेलं सगळं तिकडेच. शेजारी दारात ट्रम्पचा झेंडा लावणारा, आमचं राजकारण अजिबात जुळायचं नाही, पण वादळाआधी शिडी घेऊन आला आणि न विचारता आमच्या खिडक्यांना प्लायवूड ठोकून गेला. माणसांबद्दल तक्रार नाही. हिला गाडी चालवता येत नाही. एडिसनला ओक ट्री रोडवर चालत जाऊन कोथिंबीर आणता येते, तिथे कोथिंबिरीसाठीसुद्धा मला उठावं लागायचं. टॅक्स भरतोय मुकाट.

पुलापलीकडची

व्हँकुव्हर, कॅनडातलं नव्हे, वॉशिंग्टन राज्यातलं. इथे पगारावर टॅक्स नाही आणि नदीपलीकडे ओरेगनमध्ये सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे राहायचं इकडे आणि टीव्ही-फ्रिज घ्यायचा पोर्टलंडला (युज टॅक्स, म्हणजे बाहेरून आणलेल्या मालावर आपल्या राज्याला भरायचा टॅक्स, त्याचं नाव काढू नका). पण नोकरी पोर्टलंडची असेल तर तिथे केलेल्या कामावर ओरेगन कापतंच, म्हणून नवरा घरून काम करतो ते दिवस एक्सेलमध्ये लिहून ठेवतो. धागाकर्ते, तुम्ही कुठे जाणार ते लिहिलंच नाहीत?

धागाकर्ता

बॉस्टनजवळून न्यू हॅम्पशायर, नॅशुआ. सेल्स टॅक्स नाही, पगारावर टॅक्स नाही, पण ऑफिस बॉस्टनला राहिलं तर मॅसॅच्युसेट्स ५ टक्के घेणारच. बायको गेला महिनाभर हे आकडे मला पाठ म्हणून दाखवतेय. खरं कारण तिचा भाऊ तिथे राहतो. आणि मी हलत नाहीये त्याचंही खरं कारण तेच.