छोट्या धंद्याला अकाउंटंट लागतोच का?

रोजमेळ: माझं मत सरळ आहे. धंदा जितका छोटा, तितका अकाउंटंट जास्त गरजेचा. मोठ्या कंपनीला चार चुका पचतात. छोट्याचं एक मोठं येणं बुडालं की खेळतं भांडवलच आटतं. बरेच मालक बँकेतली शिल्लक बघून धंदा बरा चाललाय की नाही ते ठरवतात. त्या शिलकीत गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम असते, भरायचा राहिलेला कर असतो, पुरवठादाराचं थकलेलं देणं असतं. उलटंही होतं. नफा-तोटा पत्रकात फायदा दिसतो आणि पगाराला पैसे नसतात, कारण फायदा सगळा उधारीत अडकलेला. हे वेळेवर सांगणारा कुणीतरी हवा.

काटकसरी: हवा म्हणायला काय जातंय, त्याचे पैसे कोण देणार? महिन्याला मोजकी बिलं, मोजके खर्च. मालक रात्री बसून सॉफ्टवेअरमध्ये स्वतः चढवतो. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाजूंची बेरीज, जुळली की विषय संपला. आणि आकडे दुसऱ्याच्या हाती गेले की मालकाची धंद्यावरची नजर सुटते, त्याचं काय?

रोजमेळ: तेरीज जुळली की विषय संपला? नवं यंत्र दुरुस्ती-खर्चात टाका, तेरीज जुळते. मग घसारा, म्हणजे यंत्राची किंमत थोडी थोडी करून दरवर्षी खर्चात धरणं, होत नाही, यंदाचा नफा उगाच कमी दिसतो आणि पुढची वर्षं उगाच फुगतात. एखादं बिल चढवायचंच राहिलं, तरी जुळते. इटालियन गणिती लुका पाचोलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोन्हीकडे लिहायची पद्धत छापली, तिची ही मर्यादा आजही तशीच आहे. सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही, पण खातं तुम्हीच निवडता.

पक्कीवही: जरा अवांतर. बँक जुळवणीत, म्हणजे आपली वही बँकेच्या खातेउताऱ्याशी ताडताना, फरक आला आणि त्याला ९ ने पूर्ण भाग गेला, तर आधी अंकांची अदलाबदल शोधा. ५,४०० चे ४,५०० झालेले असतात, फरक ९००. दरवेळी तेच कारण असेल असं नाही, पण बघायला मिनिट लागतं.

उलटतपासणी: माझा आक्षेप वेगळा आहे. बिलं अकाउंटंटच मंजूर करणार, पैसे तोच देणार, जुळवणीही तोच करणार, अशी सोय छोट्या धंद्यात सर्रास असते. अफरातफरीला याहून मोकळं रान कुठलं? ठेवा अकाउंटंट, पण बँकेचे अधिकार स्वतःकडे ठेवा आणि खातेउतारा त्याच्याआधी तुम्ही बघा.

रोजमेळ: शंभर टक्के मान्य.

काटकसरी: बरं, पण बहुतेक अकाउंटंट वर्षअखेरीला उगवतात, कर भरून देतात आणि गायब. धंद्याबद्दल अक्षर बोलत नाहीत. त्याला सल्ला म्हणायचं?

रोजमेळ: मग तुम्ही विचारा ना. १०० च्या मालावर २० सुटतात आणि तुम्ही १० टक्के सूट जाहीर करता. आता सुटणार १०, म्हणजे तेवढ्याच ढोबळ नफ्यासाठी माल दुप्पट खपायला हवा. सूट जाहीर करण्याआधी हे कोण मांडून दाखवतं?

काटकसरी: एवढं गणित मलाही येतं हो! करायला सवड नसते, हे खरं. पूर्णवेळ माणूस मी ठेवणार नाही. महिन्यातून एक दिवस येणारा असेल तर बघतो. त्याच्यापुढे पहिल्यांदा काय ठेवायचं?

पक्कीवही: उधारीची यादी. ३०, ६०, ९० दिवस अशी फोड करून. आणि ९० च्या पुढची नावं खोडू नका.