मॉडेलिंग एजन्सीच्या दारात : तुमचे अनुभव लिहा

मॉडेलिंगमध्ये जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना एजन्सीत कशी वागणूक मिळते, यावर मोकळेपणाने फार कमी बोललं जातं. ज्यांचं नाव झालं ते जुनं उकरून काढत नाहीत आणि ज्यांचं झालं नाही त्यांना कुणी विचारत नाही. मी काही वर्षं मॉडेल म्हणून काम केलं, आता जाहिरातींच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे मॉडेल निवडण्याच्या कामात आहे. रोज नवे चेहरे समोर येतात. त्यातल्या कितीतरी जणांना आपण सही केलेल्या कागदावर काय लिहिलंय तेच ठाऊक नसतं, आणि ते पाहून जीव तुटतो. म्हणून हा धागा.

माझ्यापुरता मी एक निकष धरून चालते : पैसा कुणाकडून कुणाकडे जातो ते बघायचं. खरी एजन्सी काम मिळवून देते आणि त्या कामाच्या मोबदल्यातून कमिशन कापते. तुम्हाला काम मिळेपर्यंत तिलाही काही मिळत नाही, म्हणून ती तुमच्यासाठी धडपडते. नोंदणी, ट्रेनिंग, पोर्टफोलिओ (फोटोंचा अल्बम) अशा नावांखाली जी आधीच पैसे घेते, तिची कमाई तिथेच झाली. पुढे तुम्हाला काम मिळो न मिळो, तिला फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये २०१० पासून फोटो आणि फॅशन मॉडेलकडून असे आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे. सगळीकडे असा नियम नाही, त्यामुळे एकमेकांना सावध करणं आपल्याच हातात आहे.

बरे-वाईट दोन्ही अनुभव येऊ द्या. एजन्सीचं नाव नको, कुणा व्यक्तीचंही नको. काय बोलले, काय मागितलं, कागदावर काय होतं, ते मात्र तपशिलात लिहा.

शेवंती

रस्त्यात एका बाईंनी थांबवलं. "तुझा चेहरा कॅमेऱ्यासाठीच आहे," म्हणाल्या आणि कार्ड दिलं. ऑफिस चकचकीत होतं, भिंतभर मासिकांची मुखपृष्ठं फ्रेम करून लावलेली. त्यातल्या एकाही मॉडेलचं काम या एजन्सीने केलेलं नव्हतं, हे फार नंतर कळलं.

मला एक फॉर्म भरायला दिला. वडील काय करतात, घरात कमावणारे किती, फोटोशूटचा खर्च कोण करणार, हे प्रश्न पहिल्याच पानावर होते. माझी उंची मात्र कुणी मोजली नाही. मोजपट्टीच नव्हती तिथे. मग आतल्या खोलीत एका माणसाने कॅल्क्युलेटर पुढे सरकवत तीन पॅकेजं दाखवली. सगळ्यात स्वस्त पॅकेज घेते म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "तुझ्यात जे आहे ते वाया घालवू नकोस," असं इतक्या कळवळ्याने म्हणाला की आई-बाबाही गप्प झाले. सवलत फक्त आजच्यापुरती होती. बाहेर आणखी चार कुटुंबं बसलेली, त्यांनाही तेच ऐकवलं जात असणार.

फोटो आले ते जाड मेकअपचे, पिसांचा बोआ गळ्यात घातलेले. काम एकही आलं नाही. फोन केला की सांगायचे, "अजून एक शूट करून घ्या, लूक बदलू." पुढे एका खऱ्या एजन्सीत गेले तेव्हा तिथल्या बुकरने (मॉडेलना कामं मिळवून देणारी एजन्सीतली व्यक्ती) तो अल्बम उघडलासुद्धा नाही. केस मागे बांधायला सांगितलं, खिडकीजवळच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं आणि फोनवर फोटो काढले : समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा एक. दहा मिनिटांत सगळं झालं. एक पैसा मागितला नाही.

पंधराची आई

माझी लेक पंधरा वर्षांची आहे, हौस तिची स्वतःची. आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी मला बाहेर बसायला सांगितलं. आई समोर असली की मुली अवघडतात म्हणे. मी हलले नाही. मग भेट लगेच आटोपली आणि परत फोन आला नाही. तो न आलेला फोन मला पुरेसं सांगून गेला.

दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी आधी शाळेचं वेळापत्रक मागितलं. परीक्षांच्या दिवसांत काम घेणार नाही, शूटला पालक सोबत असलाच पाहिजे, कपडे बदलायची जागा वेगळी हवी, हे त्यांनी आपणहून लिहून दिलं. न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये १८ वर्षांखालच्या मॉडेलना बालकलाकारांच्या कायद्याखाली आणलं, कामाच्या तासांवर मर्यादा आली, कमाईतला काही भाग मुलांच्या नावाने वेगळा ठेवणं बंधनकारक झालं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. २०१७ मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन बड्या फॅशन समूहांनी मिळून जी सनद काढली, तिच्यात प्रौढांच्या कपड्यांसाठी १६ वर्षांखालच्या मुली घ्यायच्या नाहीत असं ठरवलं आहे. मी त्या बाईंना विचारलं, मग माझ्या लेकीचं काय? त्या म्हणाल्या, "मुलांच्या कपड्यांच्या जाहिराती करू. बाकीचं थांबेल. तिला मोठं व्हायला वेळ आहे." लेक जरा हिरमुसली, पण मी निर्धास्त झाले.

परतीचं तिकीट

मी परदेशात गेले ते एजन्सीच्या खर्चाने. निदान मला तसं वाटलं होतं. विमानाचं तिकीट, राहायची सोय, अल्बमसाठीचं टेस्ट शूट, फोटो आणि मापं असलेल्या कॉम्प कार्डची छपाई, सगळं "आम्ही बघतो" म्हणाले. बघतो म्हणजे उचल देतो, आणि ती माझ्याच कमाईतून वळती करतो, हे करारात होतं, पण आठव्या पानावर.

मॉडेल अपार्टमेंट म्हणजे एका खोलीत दोन बंक बेड, चार मुली, एक आरसा. भाडं खोलीचं नव्हतं, प्रत्येक बेडचं होतं. चौघींच्या भाड्याची बेरीज केली तर त्याच इमारतीतल्या अख्ख्या घराच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त व्हायची. पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा आम्ही चौघी नाचलो होतो. मग स्टेटमेंट आलं. वर कामाची रक्कम. खाली ओळीने : कमिशन, भाडं, वेबसाइटवर फोटो ठेवण्याचं शुल्क, कुरिअर, कार्डांची छपाई, पैसे आधी दिल्याबद्दलचं वेगळं शुल्क. सगळ्यात शेवटी उरलेली रक्कम, आणि तिच्याआधी वजाबाकीचं चिन्ह. म्हणजे काम करून मीच देणेकरी. जाहिरातदाराकडून एजन्सी वेगळं सेवाशुल्क घेत होती, ते या कागदावर कुठेच नव्हतं.

मी घरी कळवलं नाही. कर्ज फिटेपर्यंत एजन्सी बदलता येत नाही आणि कास्टिंगला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिथेच राहिले. एका सहकारी मुलीने बिलांच्या प्रती मागायला शिकवलं. मागितल्यावर दोन नोंदी आपोआप गळाल्या! हे प्रत्येकीने करावं : मूळ बिल मागा. लेखी मागा.

धागाकर्ती

'परतीचं तिकीट', तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. याच तक्रारींवर मॉडेल अलायन्स ही संघटना २०१२ पासून लढते आहे. सारा झिफ या स्वतः मॉडेल होत्या, त्यांनी ती उभी केली. त्यांच्या पाठपुराव्यातून न्यूयॉर्कचा फॅशन वर्कर्स अ‍ॅक्ट डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला आणि जून २०२५ पासून लागू आहे. कमिशन २० टक्क्यांच्या वर नाही, करार करताना अनामत किंवा शुल्क नाही, राहायच्या जागेचं भाडं बाजारभावापेक्षा जास्त नाही. फ्रान्समध्ये तर मॉडेलला कायद्याने पगारी कर्मचारी मानतात आणि एजन्सीला परवाना लागतो. या गोष्टी अशक्य नाहीत, हे लक्षात ठेवून बोलणी करा.

इंचपट्टी

माझा अनुभव मोजमापाचा आहे. दर सोमवारी बुकर टेप घेऊन यायची. टेप कंबरेभोवती घट्ट ओढायची, मग थोडी सैल करून पुन्हा ओढायची, आणि नितंबांचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. वहीत पेन्सिलने नोंद व्हायची. माझ्या नावापुढे बाण काढलेला होता, खाली तोंड केलेला. "दोन इंच कमी झाले की पॅरिसला पाठवते." कसे कमी करायचे ते कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, "बाकीच्या करतात ना!" माझी पाळी बंद झाली हे तिला सांगितलं, तर त्या महिन्यात तिने माझं कौतुक केलं.

२००६ मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस शोदरम्यानच कोसळली आणि वारली, बावीस वर्षांची होती. त्याच वर्षी ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन गेली, एकविसाव्या वर्षी. त्याच सुमारास माद्रिदच्या फॅशन वीकने बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) १८ च्या खाली असलेल्या मॉडेलना मनाई केली, इस्राएलने २०१२ मध्ये १८.५ ची मर्यादा कायद्यात घातली, फ्रान्सने २०१७ पासून डॉक्टरांचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. हे सगळं हवंच. पण बीएमआय एका आकड्यावर थांबतो. माझा त्या मर्यादेच्या वर होता तेव्हाही मी जिन्यात चक्कर येऊन बसत होते. मुलीला डॉक्टरकडे पाठवणारी एजन्सी आणि टेप ओढणारी एजन्सी यांतला फरक कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

आता दुसऱ्या एजन्सीत आहे. मापं वर्षातून एकदा, बंद खोलीत, आणि ती मी स्वतः लिहून देते.

लांब_पाय

मुलगे बोलत नाहीत म्हणून लिहितो. आम्हाला पैसे मुलींपेक्षा कमी मिळतात, याची कुणाला दखलही नसते. कामाच्या बदल्यात जाकीट मिळालं आहे, "तुझ्या बुकसाठी (म्हणजे पोर्टफोलिओसाठी) फायदा होईल" हे मिळालं आहे. कास्टिंगला तासन्‌तास उभं राहणं तर गृहीतच धरलेलं.

२०१७ मध्ये पॅरिसच्या एका कास्टिंगला दीडशेहून अधिक मुलींना जिन्यात दिवे बंद करून ताटकळत ठेवल्याचं जेम्स स्कली या कास्टिंग दिग्दर्शकाने जाहीरपणे लिहिलं. इतक्या वरच्या माणसाने तोंड उघडलं म्हणून दखल घेतली गेली. आमच्या जिन्यांबद्दल कोण लिहिणार?

आणखी एक. एका छायाचित्रकाराने शूट संपल्यावर थांबायला सांगितलं, एकट्याला. मी बुकरला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, "बॅग उचल आणि नीघ, बाकी मी बघते." त्यानंतर त्या माणसाकडे तिने कुणालाच पाठवलं नाही, एजन्सीचं नुकसान होऊनही. अशी एक माणूस असली तरी पुरते.

जुनी बुकर

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते, म्हणून तिकडचंही सांगते. रोज येणाऱ्या फोटोंचा ढीग इतका असतो की प्रत्येकाला उत्तर जात नाही. उत्तर न येणं म्हणजे तुमच्यात खोट आहे असं मुळीच नाही. कित्येकदा यादीत त्याच चेहरेपट्टीची एक मुलगी आधीच असते, एवढंच कारण. पण बोलावून, आशा लावून, मग महिनोन्‌महिने झुलवत ठेवणं हा मला गुन्हा वाटतो. स्पष्ट नकार द्यायला दोन ओळी लागतात. मी त्या दोन ओळींवरून मालकांशी भांडले आहे.

चांगली बुकर मॉडेलसाठी पैशांचा तगादा लावते. जाहिरातदार तीन-तीन महिने पैसे अडवून ठेवतात. तुम्ही विचारल्यावर "अजून आले नाहीत" एवढंच उत्तर देणारी आणि बिलाची तारीख, रक्कम, पाठवलेल्या स्मरणपत्रांसह उत्तर देणारी, यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोटो किती काळ, कुठल्या माध्यमात, कुठल्या देशांत वापरणार तेही कामाआधी सांगायलाच हवं. खरे पैसे त्या वापराच्या हक्कांत असतात, शूटच्या दिवसात नव्हे.

अबोली

माझा अनुभव दोन ओळींचा. नकार मिळाला. त्यासोबत, "तुमच्या उंचीला रॅम्प अवघड, पण हातांच्या आणि दागिन्यांच्या जाहिरातींसाठी इथे विचारा," असा पत्ताही मिळाला. आज त्याच कामावर माझं बरं चाललं आहे.

निळी_छत्री

उद्या सकाळी माझ्या मामेबहिणीची एका एजन्सीत भेट आहे. निरोप इन्स्टाग्रामवर आला. स्विमसूटमधले फोटो आधी पाठव म्हणतात. काय करावं? कृपया लवकर सांगा, ती खूप उत्साहात आहे.

धागाकर्ती

फोटो पाठवू नका. निरोप पाठवणाऱ्याला उत्तरही देऊ नका. एजन्सीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे फोन करा आणि या नावाचा स्काउट (नवे चेहरे शोधणारा माणूस) तुमच्याकडे आहे का, उद्या भेट ठरली आहे का, असं विचारा. नामांकित एजन्सींच्या नावाने खोटी खाती चालवणारे खूप आहेत. खऱ्या एजन्सीला असा फोन आवडतो, कारण बदनामी तिचीही होते.

भेट खरी निघाली तर घरातलं कुणीतरी सोबत जा. साधे, अंगाबरोबर बसणारे कपडे, मेकअप नाही. सही उद्या करायचीच नाही. करार घरी वाचायला मागा आणि चार गोष्टी शोधा : किती वर्षांचा आहे, मुदत संपल्यावर आपोआप वाढतो का, दुसरीकडे काम करायला मनाई आहे का, आणि तुमच्या वतीने सह्या करण्याचा, पैसे स्वीकारण्याचा अधिकार कुणाला दिला आहे. हल्ली पाचवीही बघावी लागते : शरीराचं स्कॅन करून संगणकावर तुमची प्रतिकृती बनवायची परवानगी त्यात घुसडली आहे का. न्यूयॉर्कच्या नव्या कायद्यात त्यासाठी वेगळी लेखी संमती लागते. तुमच्या कागदात ते कलम दिसलं तर खोडायला सांगा.

फोन झाला की इथे कळवा. मी रात्री जागी आहे.